हायस्कूलचा रोबोटिक्स क्लब: नवख्या मुलाच्या हाती पाना येतो का?

न्यू जर्सीतील एका सार्वजनिक हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबाचे हे परीक्षण आहे. हा क्लब ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या स्पर्धेत उतरतो; मुले आणि पालक तिला नुसते एफआरसी म्हणतात. आमची मुलगी 2024 च्या सप्टेंबरात नववीत गेली आणि त्याच महिन्यात क्लबात दाखल झाली. त्याआधी लेगोचे ठोकळे जोडण्यापलीकडे तिची काहीही पूर्वतयारी नव्हती. शाळेचे व संघाचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे मांडलेले बहुतेक गुणदोष या परिसरातील इतर क्लबांनाही लागू पडतात, असे तेथील मराठी पालकांशी झालेल्या बोलण्यावरून दिसते. क्लबाने किती चषक मिळवले आणि संघाच्या सदऱ्यावर किती प्रायोजकांची नावे छापलेली आहेत, यावरून त्याची पारख करण्याची पद्धत आहे. ज्या मुलाला यातले काहीच येत नाही, त्याच्यासाठी कसोटी निराळी आहे. त्याच्या हाती पाना कधी येतो, आणि आल्यावर तो किती वेळ त्याच्याच हाती राहू दिला जातो, हे पाहावे लागते.

क्लबाचे सारे वेळापत्रक स्पर्धेवर बेतलेले असल्यामुळे आधी तिच्याविषयी सांगणे भाग आहे. डीन केमन या संशोधकाने 1989 साली न्यू हॅम्पशायरमध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि 1992 साली तेथील मँचेस्टर शहरातील एका हायस्कूलच्या जिममध्ये 28 संघांची पहिली स्पर्धा भरली. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीच्या आरंभी एका शनिवारी नवा खेळ जाहीर होतो, नियमांची जाडजूड पुस्तिका प्रसिद्ध होते आणि नववी ते बारावीची मुले त्या खेळासाठी नवा यंत्रमानव बांधायला घेतात. सुमारे 54 फूट लांब आणि 27 फूट रुंद मैदानावर तीन विरुद्ध तीन असे संघ उतरतात. 2025 च्या हंगामात सामना अडीच मिनिटांचा होता. त्यातील पहिली पंधरा सेकंदे यंत्राने केवळ आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामवर चालायचे आणि नंतर विद्यार्थी चालकांनी ताबा घ्यायचा, अशी रचना होती. त्या वर्षी यंत्राच्या वजनाची मर्यादा 115 पौंड, म्हणजे सुमारे 52 किलो होती, आणि तीही बॅटरी व भोवतीचे बंपर वगळून. दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या रोबोटशी या वस्तूचे काही नाते नाही. ती वेगाने येऊन पायावर आदळली तर पाय मोडेल, आणि नवख्या मुलाला तिच्याजवळ जाण्याची पहिल्यांदा भीती वाटते ती अनाठायी नसते.

क्लबात प्रवेशासाठी परीक्षा किंवा मुलाखत नव्हती. अर्ज, पालकांची सही आणि सुरक्षेची छोटी चाचणी एवढ्यावर काम भागले, ही बाब क्लबाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. आसपासच्या काही शाळांत अर्जांतून निवड केली जाते आणि तेथे मिडल स्कूलपासून यात असलेल्या मुलांपुढे नवख्यांचा निभाव लागत नाही. परंतु दार उघडे असणे आणि आत जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने वस्तुतः नवशिक्यांसाठीच असायला हवेत, कारण जानेवारी उजाडल्यावर कोणाला शिकवायला फुरसत नसते. या क्लबात पहिले काही आठवडे वर्गात पडद्यावर स्लाइड दाखवण्यात गेले. गिअरचे गुणोत्तर म्हणजे काय, टॉर्क म्हणजे काय, संघाची रचना कशी आहे, मागच्या वर्षी कोणती पारितोषिके मिळाली, हे सगळे नीटनेटके सांगितले गेले आणि त्यातील फारच थोडे मुलांच्या लक्षात राहिले. सुरुवातीला खोलीत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत गर्दी निम्म्यावर आली, आणि वरच्या वर्गातील मुलांनी ही गळती स्वाभाविक मानली. ही गळती स्वाभाविक नव्हती. जी मुले सोडून गेली त्यांपैकी अनेकांनी तोवर एकही स्क्रू आवळलेला नव्हता.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कार्यशाळा खुली झाली आणि तेथून पुढे क्लबाची गुणवत्ता दिसू लागली. ड्रिल प्रेस, बँड सॉ, कानस, रिव्हेट गन अशा एकेका साधनासाठी स्वतंत्र धडा होता. शिकवणाऱ्या मुलासमोर ते साधन प्रत्यक्ष चालवून दाखवल्याशिवाय नावापुढे खूण होत नसे, आणि खूण नसेल त्याला त्या यंत्राला हात लावता येत नसे. संरक्षक चष्मा, बंद बूट आणि बांधलेले केस यांबाबत कोणाचीही गय केली जात नव्हती, मग तो बारावीचा कर्णधार असो. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीला छिद्र पाडण्याआधी पंचने खूण करायची, नळी शिकंज्यात घट्ट बसवायची, छिद्राच्या कडेचा बोचरा भाग कानशीने काढायचा, ही शिस्त मुलीच्या अंगवळणी पडली. घरी पडद्याची दांडी बसवण्याचे काम आता तिच्याकडे असते, आणि भिंतीत छिद्र पाडण्याआधी माझ्या डोळ्यांवर चष्मा आहे की नाही हे ती तपासते.

संघाचे काम विभागांत वाटलेले असते: यांत्रिक, विद्युत, प्रोग्रामिंग, संगणकीय आरेखन, शिवाय हिशेब, प्रायोजक व प्रसिद्धी पाहणारा एक विभाग. नवशिक्याने कोणता विभाग निवडावा हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि बहुतेकांच्या मनात प्रोग्रामिंग हेच उत्तर आधीपासून ठरलेले असते. माझे मत वेगळे आहे. अगदी कोऱ्या पाटीने आलेल्या मुलाला विद्युत विभागात सर्वाधिक लवकर खरे काम मिळते. बॅटरी 12 व्होल्टची, शिसे-आम्लाची आणि उचलताना चांगलीच जड असते. तिच्यापासून 120 अँपिअरच्या मुख्य ब्रेकरकडे, तेथून वीज वाटणाऱ्या पेटीकडे आणि पुढे एकेका मोटरकडे तारा जातात. कोणती तार किती जाड हवी, तिच्या टोकाला कनेक्टर दाबून कसा बसवायचा, बसवल्यावर ओढून का पाहायचा, हे अर्ध्या दुपारीत शिकता येते आणि त्याच संध्याकाळी केलेले काम यंत्रावर चढते. शिवाय या विभागात चूक लपत नाही. मोटरच्या नियंत्रकांना एकमेकांशी जोडणारी कॅन नावाची पिवळी-हिरवी पिळाची जोडतार एका नियंत्रकातून दुसऱ्यात अशी साखळीने जाते आणि तिच्या शेवटी 120 ओहमचा रोधक असावा लागतो. मध्येच एखादा जोड सैल राहिला तर त्याच्या पुढची सगळी साधने संगणकाच्या पडद्यावरून एकदम गायब होतात. मग टोकापासून एकेक जोड तपासत दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढावे लागते. दोष पद्धतशीरपणे शोधण्याची ही सवय मुलीने क्लबातून घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे मी मानतो. अकरावीतील ज्या विद्यार्थ्याकडे हा विभाग होता, तो नवख्यांच्या हातातून तार कधी ओढून घेत नसे. स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभा राहत असे आणि प्रश्न विचारत असे. असा एक मोठा विद्यार्थी क्लबात असणे हे कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि माहितीपत्रक वाचून तो आहे की नाही हे कळत नाही.

प्रोग्रामिंग विभागाची अडचण अशी की यंत्र एक आणि त्यावर प्रोग्राम चालवून पाहू इच्छिणारी मुले पुष्कळ. बहुसंख्य संघ जावा भाषा वापरतात, जी हायस्कूलच्या एपी कॉम्प्युटर सायन्स ए या कॉलेजच्या दर्जाच्या अभ्यासक्रमातही असल्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना ती येत असते आणि नववीतील मूल त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत राहते. सी प्लस प्लस आणि पायथन यांचीही मुभा आहे, पण निवड संघाची असते, मुलाची नव्हे. जुन्या वर्षांचे एखादे यंत्र मोडून न टाकता नवशिक्यांना सरावासाठी ठेवले असते तर हा प्रश्न बराच सुटला असता. या क्लबात मागील वर्षीच्या यंत्राच्या मोटरी व नियंत्रक काढून घेऊन नव्याला बसवले गेले. पैशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते, शिकण्याच्या दृष्टीने नुकसानीचे.

जानेवारीत खेळ जाहीर झाला आणि क्लबाचा स्वभाव एका दिवसात बदलला. 2025 च्या ‘रीफस्केप’ या खेळात सुमारे फूटभर लांबीच्या पीव्हीसी नळ्या मैदानावरील षटकोनी रचनेच्या वेगवेगळ्या उंचीच्या फांद्यांवर बसवायच्या होत्या, मोठे चेंडू हलवायचे होते आणि शेवटी टांगलेल्या पिंजऱ्याला धरून यंत्राने स्वतःला जमिनीवरून उचलायचे होते. सर्वांत वरची फांदी सहा फूट उंच होती. वर पोचण्यासाठी एकात एक सरकणारी उचलयंत्रणा हवी, ती उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि मग वेगाने वळताना यंत्र कलंडते. अशा परस्परविरोधी गरजांवर पहिल्या शनिवार-रविवारी तासन्‌तास चर्चा झाली. त्या चर्चेत नववीच्या मुलांनाही बोलू दिले गेले आणि त्यांच्या सूचना फळ्यावर लिहिल्या गेल्या, हे मला विशेष आवडले. त्यानंतरचे आठवडे मात्र नवख्यांसाठी कोरडे गेले. आरेखन ठरेपर्यंत कापायला काही नाही, आणि ठरल्यावर वेळ इतका थोडा की ज्याला सफाईने येते त्यालाच काम दिले जाते. पूर्वी सहा आठवडे संपताच यंत्र पिशवीत घालून सीलबंद करण्याचा नियम होता. 2020 च्या हंगामापासून तो रद्द झाला. त्यामुळे घाई कमी होईल अशी अपेक्षा असेल तर ती बाळगू नये. आता काम थेट स्पर्धेच्या आदल्या रात्रीपर्यंत चालते.

या काळात नवशिक्यांना हमखास मिळालेले काम म्हणजे बंपर. प्लायवूडच्या पट्ट्या, त्यांवर पोहण्याच्या तलावात वापरतात त्या फोमच्या नळ्या, वरून ताणून स्टेपल केलेले लाल व निळे जाड कापड आणि त्यावर संघाचा क्रमांक. यंत्रमानव बांधायला आलेल्या मुलांना शिवणकाम दिले म्हणून काही पालकांनी नाके मुरडली. वास्तविक बंपर नियमात बसले नाहीत तर यंत्राला मैदानात उतरू दिले जात नाही, आणि कोपऱ्यावर कापडाची घडी नीट बसवणे हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. मुलांनी ते उत्तम केले. त्यांच्याकडून फक्त बंपरच करून घेतले, ही माझी तक्रार आहे.

मार्गदर्शकांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. शाळेतील एक शिक्षक आणि परिसरातील कंपन्यांत नोकरी करणारे काही अभियंते विनामोबदला संध्याकाळी येत. त्यांची तळमळ वादातीत आहे. स्पर्धेच्या नियमांत प्रौढांनी यंत्राला हात लावू नये असे बंधन नाही. मुलांनी व अभियंत्यांनी बरोबरीने काम करावे हीच मूळ कल्पना आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, रात्री नऊनंतर, उचलयंत्रणेची साखळी वारंवार निसटू लागली तेव्हा दोन मार्गदर्शक खाली बसून ती दुरुस्त करत होते आणि भोवती मुले फोनचा उजेड धरून उभी होती. दुरुस्ती चोख झाली. पण ती साखळी का निसटत होती, हे दुसऱ्या दिवशी विचारल्यावर नववीतील कोणालाही सांगता आले नाही.

स्पर्धेचे दिवस हा या उपक्रमाचा सर्वांत झगमगीत भाग आहे आणि तो खरोखरच पाहण्याजोगा असतो. न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर मिळून एक विभाग आहे. संघ येथे दोन विभागीय स्पर्धा खेळतो, गुण साठले तर विभागाच्या अंतिम स्पर्धेसाठी पात्र होतो, आणि तेथून निवड झाली तर एप्रिलमध्ये ह्यूस्टनला जागतिक स्पर्धेत जातो. प्रत्येक संघाला दुरुस्तीसाठी लहानशी जागा मिळते, तिला पिट म्हणतात. तेथे एकावेळी चार-पाच मुलेच मावतात, आणि ती चार-पाच मुले नववीची नसतात. चालक, सहचालक वगैरे मैदानालगत उभे राहणारे विद्यार्थीही अनुभवी असतात, आणि ते योग्यच आहे. नवख्यांच्या वाट्याला येते ते स्काउटिंग, म्हणजे प्रेक्षागृहात बसून सामन्यातील सहा यंत्रांपैकी एकेकाची कामगिरी टिपून ठेवणे. दिवसभर टॅबलेटवर आकडे भरत बसणे कंटाळवाणे असते, हे खरे. तथापि दुपारनंतर पुढील फेरीसाठी संघ एकमेकांना सोबती म्हणून निवडतात तेव्हा कर्णधार हीच माहिती हातात घेऊन उभा असतो, आणि आमच्या मुलीने टिपलेल्या एका संथ पण कधी न बिघडणाऱ्या यंत्राचे नाव त्याने पुकारले, तेव्हा तिला त्या कामाचा अर्थ कळला. प्रतिस्पर्धी संघाला मोटर किंवा नियंत्रक कमी पडला तर ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो आणि कोणीतरी ती वस्तू धावत आणून देते. एमआयटीतील दिवंगत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेला लावलेली ही रीत अद्याप टिकून आहे.

खर्चाचे म्हणाल तर संघाची एका हंगामाची नोंदणीच सुमारे सहा हजार डॉलर असते. यंत्राचे सुटे भाग वेगळे. चारही चाके स्वतंत्रपणे वळवणारी स्वर्व्ह ड्राइव्ह वापरायची तर आठ मोटरी केवळ चालण्यासाठी लागतात. हे पैसे प्रायोजकांकडून आणि पालकांकडून उभे केले जातात. कुटुंबाला वार्षिक वर्गणी, स्पर्धेच्या गावी हॉटेल आणि संघाचा सदरा एवढे पडते. पैशापेक्षा वेळेचा भार मोठा आहे. जानेवारी ते मार्च आठवड्यातून चार संध्याकाळी आणि पूर्ण शनिवार जातो; नृत्याचा वर्ग सुटला, रविवारची मराठी शाळा कशीबशी टिकली. जेवण पालक पाळीपाळीने पुरवतात आणि शाकाहारी मुलांसाठी चीज पिझ्झ्यापलीकडे कोणाची कल्पना जात नव्हती. दोन मराठी कुटुंबांनी पावभाजीचे मोठे पातेले नेल्यापासून ती पाळी मागून घेतली जाते.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी याच संस्थेची ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही स्पर्धा पाहावी. ती सातवी ते बारावीसाठी आहे, खेळ सप्टेंबरात जाहीर होतो, यंत्र सुरुवातीला 18 इंचांच्या घनात मावावे लागते आणि संघ लहान असल्यामुळे नुसते उभे राहून पाहायला जागाच उरत नाही. व्हेक्स नावाच्या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धाही साधारण त्याच आकारमानाच्या आहेत. नवशिक्याच्या हाताला काम मिळण्याच्या कसोटीवर लहान संघ मोठ्या संघांपेक्षा उजवे ठरतात. भारतातील नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी नोंद: सहावी ते बारावीसाठी असलेल्या अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतील प्रयोगशाळा महाराष्ट्रातील अनेक शाळांत आहेत, आणि कुलूप लावून न ठेवलेल्या लॅबमध्ये आठवीतील मूल अर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या सर्किट बोर्डावर जे शिकते, ते आमच्या क्लबातील पहिल्या तीन महिन्यांपेक्षा कमी नसते.

या क्लबाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. सुरक्षेची शिस्त, विद्युत विभाग आणि स्पर्धेचे वातावरण यांसाठी ते दिले आहेत. शरद ऋतूतील वाया गेलेले आठवडे आणि सरावाच्या यंत्राचा अभाव यांमुळे दीड गुण कापला आहे. जी मुले स्वतः पुढे होऊन ‘मी करू का?’ असे विचारू शकतात, त्यांना येथे भरपूर मिळेल. लाजरी मुले पहिल्या वर्षी कोपऱ्यात राहतील, आणि त्यांना तेथून बाहेर काढण्याची काही व्यवस्था क्लबाकडे नाही. सप्टेंबरातील पालकसभेला जावे, पण तेथील चित्रफितीवर न थांबता मागील वर्षी नववीत आलेली किती मुले अद्याप क्लबात आहेत, नवशिक्यांसाठी स्वतंत्र यंत्र आहे का, आणि नोव्हेंबरपूर्वी त्यांच्याकडून कोणती वस्तू बनवून घेतली जाते, हे तीन प्रश्न मार्गदर्शकांऐवजी दहावीच्या मुलांना विचारावेत. वर्गणी परवडत नसल्यास ती माफ करण्याची सोयही आहे. अर्ज शिक्षकांकडे मागावा लागतो, कारण प्रवेशाच्या कागदांत त्याचा उल्लेख नाही.